४३-११९ : रॉकीजचं दुखणं उंचीचं की ऑफिसचं?

जांभळी_रांग (प्रश्न)

मंडळी, हिवाळा सुरू आहे, डोकं जरा थंड झालंय, म्हणून आता विचारतो. कोलोराडो रॉकीज (आपला डेन्व्हरचा बेसबॉल संघ), २०२५ : ४३ विजय, ११९ पराभव. त्याआधी २०२३ मध्ये ५९-१०३ आणि २०२४ मध्ये ६१-१०१. सलग तीन हंगाम शंभराच्या वर हार. २०२५ मध्ये पहिल्या ५९ सामन्यांत ९ विजय होते आणि आधीच्या हंगामाचा शेवट धरून ओळीने २२ मालिका हरल्या. धावांचा फरक (काढलेल्या वजा दिलेल्या) उणे ४२४. आधुनिक काळातला आधीचा नीचांक १९३२च्या बॉस्टन रेड सॉक्सचा, उणे ३४९. तो नुसता मोडला नाही, पार गाडून टाकला. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने हरून ठेवले होते म्हणून निदान पराभवांचा विक्रम तरी आपल्या नावावर लागला नाही. यावर समाधान मानायचं!

१० मे रोजी सॅन डिएगोने आपल्याच घरच्या मैदानावर, कूर्स फील्डवर, २१-० असं धुतलं. दुसऱ्या दिवशी संघ ९-३ जिंकला, आणि जिंकल्यावर मॅनेजर बड ब्लॅकला नारळ दिला. तेव्हा संघ ७-३३ वर होता. त्याआधी एप्रिलमध्येच हिटिंग कोच हेन्स्ली म्यूलेन्सला काढून क्लिंट हर्डलला बसवलं होतं. थर्ड बेस कोच वॉरन शेफर हंगामी मॅनेजर झाला आणि आता तोच कायम.

माझा मुद्दा मॅनेजरचा नाहीच. १९९३ पासून हा संघ आहे. पाच वेळा प्लेऑफ गाठले (१९९५, २००७, २००९, २०१७, २०१८), तेही प्रत्येक वेळी वाइल्ड कार्डने, म्हणजे गट न जिंकता मागच्या दाराने. आपला गट, एनएल वेस्ट, एकदाही जिंकला नाही. आणि दर वर्षी उत्तर एकच : उंची. डेन्व्हरला पिचर (चेंडू टाकणारे) येत नाहीत, आले तर टिकत नाहीत, बॅटर बाहेर गेले की आंधळे होतात. नाचता येईना अंगण वाकडं, असंच वाटतं मला. पण अंगण थोडं वाकडं आहे हेही खरं.

तर जाणकारांनी सांगावं :

उंचीचा नेमका परिणाम किती, आणि त्यावर खरंच काही करता येतं का? ऑफिसचे, म्हणजे संघ चालवणाऱ्यांचे, चुकीचे निर्णय कुठले, आणि ते घेतानाच चुकीचे होते की नंतर शहाणपण सुचलं? नवे प्रमुख पॉल डीपोडेस्टा आणि जनरल मॅनेजर जॉश बर्न्स आलेत, तर २०२६ मध्ये विजयांची संख्या सोडून काय बघायचं, म्हणजे काही बदलतंय का ते कळेल?

"मालक बदला" हे उत्तर कृपया नको. माँटफोर्ट कुटुंब कुठे जात नाही.

---

स्पिनरेट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीचं लेखापाल येऊन लिहितीलच.

कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून साधारण ५,२०० फुटांवर आहे. वरच्या सज्जातली २० वी रांग बरोबर ५,२८० फुटांवर, म्हणजे मैलभर उंचीवर, म्हणून ती जांभळी. (तुमचं नाव तिथूनच आलेलं दिसतंय.) तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८२ टक्के. सगळं या एका आकड्यातून निघतं.

चेंडू हवेत वळतो किंवा "उचलला" जातो तो फिरकीमुळे. हवा विरळ असली की तोच चेंडू, तीच फिरकी, पण वळण १८ टक्क्यांच्या आसपास कमी. समुद्रसपाटीवर १६ इंच उचल असलेला फोर-सीम फास्टबॉल (सरळ, वेगवान चेंडू) डेन्व्हरला १३ इंचांवर येतो. तीन इंच ऐकायला किरकोळ वाटतात, पण बॅटची जास्तीत जास्त जाडीच २.६१ इंच असते. म्हणजे जो चेंडू बॅटच्या वरून जायला हवा, तो बॅटच्या जाड भागावर येऊन बसतो. स्ट्राइक झोनच्या (प्लेटवरच्या वैध चौकटीच्या) वरच्या कडेला फास्टबॉल टाकून स्ट्राइकआउट काढायची (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद करायची) जी फॅशन गेली दहा वर्षं चालू आहे, ती इथे निम्मी निकामी होते. स्वीपरचं (आडव्या सरकणाऱ्या स्लायडरचं) तेच : १५ इंच आडवा जाणारा १२ वर येतो. मोठा गोल कर्व्हबॉल तर सगळ्यात जास्त मार खातो.

मग कमी काय बिघडतं? गायरो स्लायडर. तो बंदुकीच्या गोळीसारखा जाण्याच्या दिशेभोवतीच फिरतो, त्यामुळे त्याचं वळण मुळातच हवेवर फारसं अवलंबून नाही. तो गुरुत्वाकर्षणाने पडतो, आणि ते डेन्व्हरलाही तेवढंच आहे. चेंजअपचं (मुद्दाम हळू टाकलेल्या चेंडूचं) अर्धं हत्यार शाबूत राहतं : वेगातला फरक तसाच, पण फास्टबॉलच्या आणि त्याच्या वाटेतलं अंतर कमी होतं, कारण फास्टबॉलच खाली आलेला असतो. सिंकर (खाली बुडणारा फास्टबॉल) थोडा कमी सरकतो, तरी ग्राउंड बॉल (जमिनीलगतचे फटके) काढतो, आणि इथे हवेत गेलेला प्रत्येक चेंडू धोक्याचा. समुद्रसपाटीवर ४०० फूट जाणारा फटका इथे साधारण पाच टक्के जास्त जातो.

ह्युमिडॉरबद्दल एक गैरसमज पुष्कळांचा असतो. २००२ पासून चेंडू ठराविक ओलाव्याच्या खोलीत ठेवतात. त्याआधी कोरड्या हवेत चेंडू सुकून टणक व्हायचे, हातातून निसटायचे. १९९९ मध्ये या एका मैदानावर ३०३ होम रन झाले होते. ह्युमिडॉरने चेंडूची उसळी कमी झाली आणि पकड सुधारली. हवा मात्र आहे तशीच आहे. वळण ह्युमिडॉर परत आणून देत नाही. आणि २०२२ पासून तीसही मैदानांवर ह्युमिडॉर आहे, म्हणजे तो आता डेन्व्हरचा खास उपायही उरला नाही.

पिचरचा खरा त्रास मात्र दोन नकाशांचा. घरी स्लायडर प्लेटच्या मध्यावर नेम धरून टाकला तर कडेपर्यंत जातो, बाहेर तोच नेम धरला तर प्लेट सोडून जातो. पिचर आठवडाभर एका नकाशावर, पुढचा आठवडा दुसऱ्यावर. दर होमस्टँडला पिचचं मिश्रण बदलत बसलं की हात ना इकडचा राहतो ना तिकडचा. त्यामुळे शहाणपणाचा मार्ग एकच : ज्या पिचचं नुकसान सर्वात कमी, तीच मुख्य धरायची, आणि घरी-बाहेर दोन्हीकडे तीच वापरायची. ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) करताना आणि ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) पिचर मागतानाही हाच चष्मा लावायचा.

जमत नाही असं नाही. काइल फ्रीलँड, २०१८ : १७-७, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) २.८५, आणि घरचा ईआरए त्याहून चांगला, २.४०. साय यंगच्या (सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या) मतदानात चौथा. उबाल्डो हिमेनेझ, २०१० : १९-८, २.८८. पण पंधरा वर्षांत बोटांवर मोजण्याइतकीच नावं येतात, आणि दोन्ही वेळेला संघाने त्यातून काही पद्धत बसवली असं दिसलं नाही.

आत्ताचं उदाहरण चेस डॉलँडर. २०२३चा पहिल्या फेरीतला, नवव्या क्रमांकाचा. २०२५ मध्ये त्याचा बाहेरचा ईआरए साडेतीनच्या आसपास, घरचा जवळपास दहा. हात तोच, फास्टबॉल तोच, आणि तो फास्टबॉल मुख्यतः वरच्या कडेवर जगणारा. एप्रिलमध्ये तो घरी काय टाकतो ते बघा. अजून वरच्या कडेलाच फोर-सीम दिसला, तर समजा ऑफिसात कोणी काही शिकलेलं नाही.

---

टोमणेसम्राट

उंचीचा सगळ्यात वाईट परिणाम मालकांच्या विचारशक्तीवर होतो, हे स्पिनरेट साहेबांनी सांगितलंच नाही. ऑक्सिजन कमी.

---

लेखापाल

टोमणे, तुम्ही एका ओळीत जे म्हणालात त्याला मी आकडे लावतो.

जांभळी_रांग, "घेतानाच चुकीचे होते का" हा प्रश्न चांगला आहे, कारण बेसबॉलमध्ये नंतर फसलेला प्रत्येक करार मूर्खपणा नसतो. मी दोन ढीग करतो.

पहिला ढीग, पैसे कुणाला दिले. डिसेंबर २०००, माइक हॅम्प्टन : ८ वर्षं, १२.१ कोटी डॉलर. दोन हंगामांत गेला. ही निव्वळ हाव होती, पण तेव्हा ह्युमिडॉर नव्हता, पिचचं मोजमाप नव्हतं, एक वेळ माफ. इयन डेझमंड, डिसेंबर २०१६ : ५ वर्षं, ७ कोटी. आयुष्यभर शॉर्टस्टॉप आणि आउटफिल्ड खेळलेला माणूस फर्स्ट बेससाठी आणला. फर्स्ट बेसवाल्याकडून जी मोठी बॅटिंग लागते ती त्याच्याकडे नव्हती, हे कराराच्या दिवशीच दिसत होतं. मग २०१७-१८च्या हिवाळ्यात तीन रिलीव्हर (सामन्याच्या मध्ये-शेवटी येणारे पिचर) एकदम : वेड डेव्हिस ५.२ कोटी, ब्रायन शॉ २.७, जेक मॅगी २.७. तिघांना मिळून १०.६ कोटी, प्रत्येकी तीन वर्षं. रिलीव्हर वर्षाला ६०-७० इनिंग टाकतो, एवढ्या थोड्या नमुन्यावर तीन वर्षांचा भरवसा ठेवायचा आणि तोही डेन्व्हरला! डेव्हिसने २०१८ मध्ये ४३ सेव्ह केले (शेवटी येऊन आघाडी राखली). २०१९ मध्ये त्याचा ईआरए ८.६५.

माझ्या मते सगळ्यात बोलका सौदा मात्र लहान आहे. २०१८ नंतर डीजे लमेह्यूला जाऊ दिलं. यांकीजने त्याला २ वर्षं, २.४ कोटी दिले. रॉकीजने त्याच हिवाळ्यात डॅनियल मर्फीला किती दिले? २ वर्षं, २.४ कोटी. पैसे तेवढेच, माणूस वयाने मोठा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून आलेला, बचावात कमजोर. लमेह्यूने २०२० मध्ये अमेरिकन लीगचं बॅटिंग टायटल घेतलं, .३६४ ने. मर्फी त्या हंगामानंतर निवृत्त झाला. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता. आपल्याच घरात सात वर्षं खेळलेल्या माणसाची किंमत घरच्यांना कळत नव्हती. "त्याची सरासरी कूर्समुळे आहे" असं बाहेरचे म्हणायचे, आणि आतल्यांनाही ते खोडून काढता येत नव्हतं.

क्रिस ब्रायंट, मार्च २०२२ : ७ वर्षं, १८.२ कोटी, संपूर्ण नो-ट्रेड क्लॉजसकट (त्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही). चार हंगामांत अनुक्रमे ४२, ८०, ३७ आणि ११ सामने. एकूण १७०. पाठीचं दुखणं कुणाला आधी दिसलं नसेल, ते दुर्दैव. पण नो-ट्रेड कशाला? आणि नोलन अरेनाडोला वर्षभरापूर्वी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, वर सुमारे ५ कोटी डॉलर देऊन सेंट लुइसला पाठवल्यावर लगेच हा करार का? अरेनाडोला २६ कोटींचा करार दिला होता फेब्रुवारी २०१९ मध्ये. दोन वर्षांत त्याला घालवायला पैसे मोजले, आणि मग त्याच्याहून कमी बचाव करणाऱ्यावर पुन्हा पैसे. ब्रायंटचा करार २०२८ पर्यंत आहे. एक बारकावा : हंगामात त्याला ६० दिवसांच्या जखमी यादीत टाकलं की ४० जणांच्या रोस्टरवरची जागा मोकळी होते, पण वर्ल्ड सिरीज संपली की ती यादी बंद. नोव्हेंबर ते वसंत तो परत एक जागा अडवून बसतो, नेमका जेव्हा तरुण पोरांना रूल ५ पासून (रोस्टरबाहेरची पोरं दुसऱ्या संघांनी उचलण्यापासून) वाचवायचं असतं तेव्हा.

दुसरा ढीग, कुणाला वेळेवर विकलं नाही. माझ्या लेखी हाच मोठा.

नियम थोडक्यात : खेळाडूवर संघाचा सहा वर्षांच्या सर्व्हिसपर्यंत हक्क. पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), मग आर्बिट्रेशन (लवादाने पगार), मग फ्री एजंट (मोकळा). हरणाऱ्या संघाने खेळाडू विकायचा तो दोन-अडीच वर्षं हक्क शिल्लक असताना, तेव्हा समोरचा चांगले तरुण देतो. शेवटच्या दोन महिन्यांसाठी विकलं तर चुरा मिळतो. विकलंच नाही तर शेवटचा आधार क्वालिफाइंग ऑफर : ठराविक रकमेचा एक वर्षाचा प्रस्ताव, खेळाडूने नाकारला आणि दुसरीकडे गेला की बदल्यात ड्राफ्टची एक निवड.

जुलै २०२१. संघ तळाकडे, ट्रेव्हर स्टोरी आणि जॉन ग्रे दोघेही वर्षअखेर मोकळे होणार. एकालाही विकलं नाही. स्टोरीला ऑफर दिली, तो बॉस्टनला १४ कोटींवर गेला, एक निवड पदरात पडली. ग्रेला तर १ कोटी ८४ लाखांची ऑफरसुद्धा दिली नाही. तो टेक्सासला चार वर्षांसाठी ५.६ कोटींवर गेला आणि २०२३ मध्ये तिथे वर्ल्ड सिरीज जिंकला. रॉकीजच्या हाती शून्य. आणि हे त्याच दिवशी चूक होतं, ऑफर दिली नाही तर बदला मिळत नाही हे नियमात लिहिलेलं आहे.

जुलै २०२४ मध्ये कॅचर एलियास डियाझ, २०२३च्या ऑल-स्टार सामन्याचा एमव्हीपी, कराराचं शेवटचं वर्ष. डेडलाइनला (ट्रेडच्या शेवटच्या मुदतीला) ठेवून घेतला, ऑगस्टमध्ये सोडून दिला. वरातीमागून घोडं तरी म्हणावं, तर घोडंही फुकट दिलं.

हे का होतं? कारण वरची खुर्ची आतल्या माणसालाच मिळत गेली. जेफ ब्रिडिच २०१४ मध्ये आतून वर आला, २०२१ मध्ये बिल श्मिट आतून. श्मिट त्याआधी दोन दशकं स्काउटिंग बघत होता. आपणच निवडलेला, आपणच वाढवलेला पोरगा विकायला आतल्या माणसाचा हात धजत नाही, आणि त्याची बाजारातली किंमत सांगणारा विश्लेषण विभाग लीगमधल्या सगळ्यात छोट्यांपैकी एक. माणूस वाईट नसतो, पण रचनाच अशी की "नको" म्हणणारं कुणी खोलीत नसतं.

---

जांभळी_रांग

लेखापाल, मर्फी-लमेह्यूचं वाचून परत रक्त आटलं. पण मग रायन मॅकमहनला जुलै २०२५ मध्ये यांकीजना दिला, तो बरोबर झाला का? त्याच्या करारात तर २०२७ पर्यंतची वर्षं होती.

आणि बॅटिंगचं कुणीतरी बोला. घरी २५-५६, बाहेर १८-६३. घरी बरं खेळले असं म्हणायलाही तोंड नाही.

---

लेखापाल

दिशा बरोबर, वेळ उशिराची. २०२४ मध्ये तो ऑल-स्टार होता, हक्क साडेतीन वर्षं होता, तेव्हा भाव सर्वात वर. वर्षभर थांबून दोन तरुण पिचर मिळाले, ग्रिफिन हेरिंग आणि जॉश ग्रॉस. पण निदान विकला, आणि बदल्यात पिचर मागितले. या संघासाठी तेही नवीन.

---

ऑनबेस_आक्का

बॅटिंगचं मी सांगते.

आधी एक काम करा : कूर्सवरचा साधा बॅटिंग ॲव्हरेज आणि साधा ईआरए बघणं बंद. बॅटरसाठी डब्ल्यूआरसी प्लस, पिचरसाठी ईआरए प्लस बघा. दोन्हीत मैदानाचा हिशेब वजा केलेला असतो आणि १०० म्हणजे लीगची सरासरी. रॉकीजचा .२७० मारणारा पोरगा पुष्कळदा ९० वर निघतो. ऑफिसने वर्षानुवर्षं .२७० बघूनच पोरांना "तयार" ठरवलं, हा माझा मुख्य आक्षेप.

आता "हँगओव्हर", म्हणजे डेन्व्हर सोडल्यावर बॅटिंग ढेपाळणं. हे थोतांड नाही. घरी सहा-सात सामने बॅटर कमी वळणारे चेंडू बघतो. डोळ्याला सवय होते की स्लायडर इथपर्यंतच येणार. मग विमान धरून सॅन डिएगो किंवा सॅन फ्रान्सिस्को, आणि तिथे तोच स्लायडर आणखी अडीच-तीन इंच सरकतो. बॅट चेंडूच्या आतून जाते. पहिले दोन-तीन सामने असेच जातात, मग जरा डोळा बसतो, तोवर परतीचं विमान. बाकीच्या संघांचे बॅटर वर्षातून थोडेच दिवस डेन्व्हरला येतात, त्यांना हा त्रास एकदाच. रॉकीजच्या बॅटरला एप्रिल ते सप्टेंबर, दर दहा दिवसांनी.

उपाय? पूर्ण नाही, अर्धा आहे. रोड ट्रिपच्या आधीच्या दोन दिवसांत पिचिंग मशीनवर फिरकी वाढवून लावायची, इतकी की डेन्व्हरच्या हवेतसुद्धा चेंडू समुद्रसपाटीइतका वळेल. नुसता वेग वाढवून भागत नाही, इथेच चुकतं. वेगाला डोळा लवकर सरावतो, वळणाला नाही. दुसरं, खेळाडूच असे निवडायचे जे झोनबाहेरच्या चेंडूला हात लावत नाहीत. न मारलेला स्लायडर कितीही वळो, बॉलच. वॉकला (चार बॉलवर फुकट मिळणाऱ्या बेसला) उंची लागत नाही! आणि २०२५चा संघ नेमका उलटा : स्ट्राइकआउट होण्यात पहिल्या काहींत, वॉक मिळवण्यात तळाला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हंटर गुडमनचं कौतुक करायलाच हवं. कॅचर असून ३१ होम रन, ऑल-स्टार, सिल्व्हर स्लगर (बॅटिंगचा पुरस्कार). पण तोही वॉक फार घेत नाही, आणि कॅचरचे गुडघे या मैदानावर, या हवेत, १४० सामने टिकत नाहीत. त्याला आठवड्यातून एक-दोन दिवस डीएच (फक्त बॅटिंग करणारा) करा, नाहीतर ऑगस्टमध्ये बॅट जड होते.

मैदानाबद्दल स्पिनरेट यांनी एक गोष्ट सोडली. चेंडू लांब जातो म्हणून कुंपणं मागे आहेत : लेफ्ट ३४७, सेंटर ४१५, राइट ३५० फूट. त्यामुळे आउटफिल्डचं गवत सगळ्या लीगमध्ये जास्त. आउटफिल्डर खोल उभे राहतात आणि समोर साधे सिंगल पडत राहतात. कूर्सवर लोक होम रनला भितात, पण संघ खरा मरतो तो या सिंगल-डबलच्या रांगेने. म्हणून सेंटरला ब्रेंटन डॉयलसारखा पळणारा लागतोच. २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं गोल्ड ग्लव्ह (बचावाचा पुरस्कार) घेतलंय त्याने. २०२५ मध्ये बॅट बसली म्हणून त्याला कवडीमोलाने विकू नये. विकायचाच तर बॅट परत आल्यावर.

---

हार्टफर्ड_ते_आल्बुकर्की

मी मायनर लीगच (मुख्य संघाखालच्या तयारीच्या लीग) बघतो, म्हणून त्या बाजूने.

रॉकीजची डबल-ए टीम हार्टफर्डला, जवळजवळ समुद्रसपाटीवर. त्यावरची पायरी, ट्रिपल-ए, आल्बुकर्कीला, डेन्व्हरइतक्याच उंचीवर. तरुण पिचर हार्टफर्डला छान दिसतो, बढती मिळते, आल्बुकर्कीला त्याचा ईआरए सातावर जातो. मग कोच त्याचा कर्व्हबॉल "दुरुस्त" करायला घेतात, जो बिघडलेलाच नसतो. तिथे निकालाकडे न बघता चेंडूचा वेग, फिरकी आणि झोनमधली टक्केवारी एवढंच बघायला हवं.

दुसरी अडचण बुलपेनची, म्हणजे रिलीव्हरच्या ताफ्याची. घरी स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) चौथ्या-पाचव्या इनिंगमध्ये जातो, रोज रिलीव्हरकडून चार-पाच इनिंग हव्यात, आणि रोस्टरवर २६ पैकी जास्तीत जास्त १३ पिचर. ताजा हात आल्बुकर्कीहून आणायचा तर कुणाला तरी खाली पाठवावं लागतं. खाली गेलेला पिचर १५ दिवस वर येऊ शकत नाही (कुणी जखमी झाला तरच अपवाद), आणि एका हंगामात एकाला पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. म्हणून या संघाला ऑप्शन (खाली पाठवायची मुभा) शिल्लक असलेले सात-आठ रिलीव्हर लागतात, त्यातले निदान तीन दोन-दोन इनिंग टाकणारे. ऑप्शन संपलेला म्हातारा रिलीव्हर आणला की एक जागा गोठते आणि बाकीच्यांचे हात दुखतात. २०१७-१८ मध्ये असे तीन आणले होते, लेखापालांनी वर लिहिलंय.

आणि ड्राफ्ट. ११९ हरले म्हणजे पहिली निवड मिळेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी : नाही. २०२२च्या करारापासून वरच्या निवडींसाठी लॉटरी आहे. तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १६.५ टक्के संधी. पण महसूल-वाटपातून पैसे घेणाऱ्या संघाला सलग तिसऱ्या वर्षी लॉटरीची निवड मिळत नाही. रॉकीजना २०२४ मध्ये तिसरी (चार्ली काँडन) आणि २०२५ मध्ये चौथी (ईथन हॉलिडे, मॅट हॉलिडेचा मुलगा, ९० लाख डॉलर) मिळाली. त्यामुळे २०२६ मध्ये ते लॉटरीतच नाहीत. दहावी निवड. आधुनिक काळातला सर्वात वाईट धाव-फरक काढून दहावी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

त्यात वाईटच आहे असं नाही. दहाव्या क्रमांकाला कॉलेजचा सिंकर-स्लायडरवाला पिचर नक्की उपलब्ध असतो. पहिल्या क्रमांकाला कुणी तो घेतला असता तर लोकांनी घरावर दगड मारले असते.

---

टोमणेसम्राट

मालकांवर बोलायचं नाही म्हणता, पण २०२५ मध्येसुद्धा २४ लाखांच्या आसपास लोक मैदानात आले. बाजूला मॅकग्रेगर स्क्वेअर २०२१ पासून उभं आहे, हॉटेल, बार, सगळं. हरल्यावरही गल्ला भरत असेल तर घाई कुणाला? उन्हाळ्याची संध्याकाळ, डोंगरामागे सूर्य, हातात बिअर, समोर २१-०. लोक खूश.

---

लेखापाल

टोमणे, यात तथ्य आहे, पण अर्धं. त्यांचं टीव्हीचं उत्पन्न घसरलंय. २०२३ नंतर प्रादेशिक वाहिनी बंद पडली आणि २०२४ पासून सामने लीगच दाखवते. तिकिटावरचा भार वाढला. डेन्व्हरचे लोक एक दिवस कंटाळले तर सावरायला दुसरा खांब नाही. बाहेरचा माणूस आणण्यामागे हे कारण असावं, असा माझा अंदाज.

आता डीपोडेस्टाबद्दल, मूळ तिसरा प्रश्न. १९९९ मध्ये डॅन ओ'डाउड आला, त्यानंतर वरच्या खुर्चीवर बाहेरून आलेला हा पहिलाच. ओकलंड, डॉजर्स, पाद्रेस, मेट्स असा बेसबॉलचा प्रवास, पण २०१६ पासून तो क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये, म्हणजे फुटबॉलमध्ये. पिच मोजण्याचं सगळं शास्त्र याच दहा वर्षांत बदललं. म्हणून जनरल मॅनेजर बर्न्स महत्त्वाचा, तो डॉजर्समधून येतोय. गंमत म्हणजे बर्न्स ओ'डाउडच्या हाताखाली रॉकीजमध्येच होता. बाहेरचा आणला, तोही पूर्वी आतला!

२०२६ मध्ये मी काय बघणार : डेडलाइनला कोण विकला जातो आणि त्याच्यावर किती वर्षं हक्क शिल्लक आहे. सहा महिने असेल तर ये रे माझ्या मागल्या. दोन वर्षं असेल, आणि बदल्यात कमी वळणावर जगणारे पिचर आले असतील, तर पुढच्या हिवाळ्यात आपण दुसऱ्या विषयावर भांडू. तसंही १ डिसेंबर २०२६ ला खेळाडू-मालक करार संपतोय. मागच्या खेपेला टाळेबंदी झाली तेव्हा मालकांच्या कामगार समितीचे अध्यक्ष कोण होते ते आठवा : डिक माँटफोर्ट.

---

स्पिनरेट

त्यात एक भर. एप्रिल-मेमध्ये ईआरए बघू नका, तो वाईटच राहील. स्टार्टरचे वॉक आणि पहिल्या चेंडूवरचे स्ट्राइक बघा. २०२५ मध्ये रॉकीजचे पिचर स्ट्राइकआउट काढण्यात लीगच्या तळाशी होते. वळण नाही, स्ट्राइकआउट नाहीत, आणि वर फुकटचे वॉक, असं तिन्ही एकदम परवडत नाही. पहिली दोन सुधारायला वर्षं लागतील. वॉक मात्र सहा आठवड्यांत कमी होताना दिसू शकतात, फक्त कॅचरने प्लेटच्या मध्यावर ग्लव्ह धरायचा आणि वळण चेंडूवर सोडायचं. गुडमन ग्लव्ह कुठे धरतो ते टीव्हीवर सेंटर फील्डच्या कॅमेऱ्यातून स्पष्ट दिसतं.

---

जांभळी_रांग

बरं, यादी झाली : डॉलँडरचा घरचा फोर-सीम, गुडमनचा ग्लव्ह, वॉक, ऑप्शनवाले रिलीव्हर, डेडलाइन. आक्का, डब्ल्यूआरसी प्लस घर-बाहेर वेगळा काढलेला कुठे सरळ मिळतो का, की हाताने करायचा?

---

ऑनबेस_आक्का

फॅनग्राफ्सवर (बेसबॉलच्या आकड्यांची वेबसाइट) टीमच्या स्प्लिट्समध्ये "होम" आणि "अवे" निवडा, मिळतो. फक्त मेअखेरपर्यंत थांबा. पन्नासेक सामन्यांच्या आत बाहेरचा आकडा फार उड्या मारतो, एका सॅन फ्रान्सिस्को दौऱ्यात वीस अंक खाली जातो.